मुठीपुरता थांबा

माझ्या धाकट्या भावाला मी बापू म्हणायचे आणि तो मला बाई. आमच्यात सात वर्षांचं अंतर. आई मानमोडीच्या साथीत गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, तो दोन. शाळा माझी तिथेच सुटली. पुढचं लिहिणं-वाचणं मी हट्टानं, मोठी झाल्यावर शिकले. बापूला मी वाढवलं हे काही उपकार म्हणून सांगत नाही. आमच्या डोणगावात अशा डझनभर बहिणी होत्या. पण ज्याला दुधात भाकरी कुस्करून भरवली, त्यानंच दगा दिला म्हणजे तो कुठे लागतो, हे बाहेरच्याला समजत नाही. म्हणून लिहिते.

आम्ही माळी. गावाबाहेर विहीर, विहिरीवर वांगी, मिरच्या, कोथिंबीर. मला गावातच द्यायची हे बापानं आधीच ठरवून टाकलं होतं, कारण बापूला बघायला घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. माझं सासर माहेरापासून तीन गल्ल्या. पहाटे सासरचं दळण उरकायचं आणि दिवस वर आला की माहेरी येऊन तिथलं जातं ओढायचं. लोक म्हणत, पोरीला दोन घरांची कामं. मला मात्र माहेरचं दळण कधी जड गेलं नाही, कारण ते आईचं जातं होतं आणि त्याच्यावर मी आईचं गाणं म्हणत असे.

त्या गाण्याबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं पोरकट वाटेल.

आईचं माहेर जानेफळ. बैलगाडीनं अख्खा दिवस लागायचा. तिला एकच भाऊ होता. दर दिवाळीला तो न्यायला येईल म्हणून आई वाट बघायची. त्या वाट बघण्यावरच तिनं आपलं आपण एक गाणं रचलं होतं, ते दुसऱ्या कोणाच्या तोंडी मी कधीच ऐकलं नाही. पहिली ओळ अशी: जानेफळाच्या वाटंवर, कोन दिसते. इथे ती थांबायची. मग म्हणायची, माहा भाऊ. पुढच्या ओळीत त्याच्या गाडीचे बैल, मग त्याच्या डोक्याचं पागोटं, मग त्यानं आणलेलं लुगडं. पण दर वेळी आधी प्रश्न, मग थांबा, मग माहा भाऊ.

थांबा का, तर मूठ घालायला. बाकीच्या बाया जातं फिरतं ठेवूनच दुसऱ्या हातानं ज्वारीची मूठ आत सोडतात. माझ्या आईला ते जमत नसे की आवडत नसे, कोण जाणे. ती जातं थांबवायची, मूठ घालायची, आणि मग खुंटा ओढायची. घरघर बंद पडायची, गाणं बंद पडायचं, आणि एवढ्याशा शांततेत जात्याच्या तोंडात दाणे पडल्याचा बारीक आवाज यायचा. मी शेजारी पाखडत बसलेली असे. त्या शांततेत मला दर वेळी वाटायचं की आता दारात खरंच कोणीतरी येऊन उभं राहील.

मामा आला तो आईच्या दहाव्याला.

तर ते गाणं एवढंच. आईची दुसरी कोणतीही वस्तू माझ्याकडे राहिली नाही. लुगडी वाटली गेली, जोडवी बापानं दुसरीला दिली, ती दुसरीही टिकली नाही ती गोष्ट वेगळी. गाणं माझ्याकडे राहिलं, कारण ते मागायला कोणी आलं नाही.

देवानं मला रूप दिलं नाही, कान दिला. एकदा ऐकलेली चाल माझ्या डोक्यातून जात नसे. मोहरमातल्या ताशाची चाल, मेहकरच्या वाजंत्रीवाल्यांची, उरुसातल्या कव्वालीची, भुलाबाईच्या गाण्यांची, गारुड्याच्या पुंगीची, कापडवाल्या मारवाड्याच्या दुकानातल्या फोनोवर लागणाऱ्या नाटकातल्या पदांची. सगळ्या आत जाऊन बसत. बाजाराला माळवं घेऊन बसले की माझे हात वांगी मोजायचे आणि कान गावभर फिरायचे. नवरा म्हणे, हिला हाक मारा तर ऐकू येत नाही, आणि दुसऱ्या आळीत कोणी गुणगुणलं तर ही ओळ पुरी करते.

बापूला कान माझ्याएवढा नव्हता, पण हात होता. हनुमंताच्या देवळातल्या भजनी मंडळात एक म्हातारे पेटी वाजवत. त्यांनी त्याला शिकवलं. सोळाव्या वर्षी तो म्हाताऱ्यापेक्षा बरा वाजवायला लागला आणि म्हाताऱ्यानं आपण होऊन पेटी त्याच्या पुढ्यात सरकवली. त्या दिवशी मी गूळ वाटला होता.

तो अठरा वर्षांचा असताना वैशाखात गावात सिनेमा आला. शहराकडे तेव्हा बोलपट सुरू झाले होते असं ऐकू यायचं, पण आमच्या बाजूला मुक्या सिनेमाच्याच गाड्या फिरत. पडद्यावर माणसं तोंड हलवत, मध्ये अक्षरं येत, ती एकजण मोठ्यानं वाचून दाखवी, आणि पडद्याच्या बाजूला बसून पेटीवाला आणि तबलेवाला तीन तास वाजवत. या कंपनीचा पेटीवाला मागच्याच गावातून बोलपटाच्या शहराकडे पळाला होता. मालक देवळात आला, बापूची पेटी ऐकली आणि म्हणाला, तीन दिवसांत खेळ सुरू करायचाय, वाजवतोस का. बापू हो म्हणाला आणि धावत माझ्याकडे आला.

त्याचा चेहरा उतरलेला होता. मालकानं त्याला सगळी गोष्ट सांगितली होती: एक राजकन्या, तिला पळवणारा प्रधान, घोड्यावरून येणारा राजपुत्र, लढाई, देवीचं दर्शन, लग्न, आणि मधूनमधून राजवाड्यातला एक लठ्ठ नोकर, जो खायला चोरतो आणि पडतो. बापूकडे सगळ्या चाली भजनाच्या. त्या चालींवर घोडा धावेल कसा, असं तो मला विचारत होता. मला इतकं हसू आलं की मी हातातलं सूप खाली ठेवलं.

मग तीन दिवस दुपारभर आम्ही माहेरच्या ओसरीवर बसलो. तो प्रसंग सांगायचा, मी चाल काढायची, तो ती पेटीवर शोधायचा. घोड्याला वाजंत्रीवाल्यांची चाल दिली, जरा पळवून. लढाईला मोहरमचा ताशा. राजकन्येच्या मैत्रिणींना भुलाबाई. देवी प्रकट होते तिथे काकडआरती. प्रधान येईल तेव्हा गारुड्याची पुंगी, आणि ती पेटीवर इतकी हुबेहूब निघाली की आमचा बाप आतून विचारत आला, साप निघाला का. बागेतल्या प्रेमाच्या प्रसंगाला कव्वाली. आणि राजकन्या सासरी निघते तिथे मी त्याला तांड्यावरचं रडणं दिलं. बंजारा लोकांत मुलगी सासरी निघताना बायांच्या गळ्यात पडून गाण्यात रडते, त्याला ते ढावलो म्हणतात. मी माळवं विकायला तांड्यावर गेले होते तेव्हा एकदाच ऐकलं होतं. ऐकताना माझे पाय जागचे हलले नव्हते. ते मी असंच्या असं उचलून त्याच्या हातात ठेवलं, आणि दोघंही खूश झालो.

त्या तीन दिवसांएवढं सुख मला आधी नाही आणि नंतर नाही. इतकी वर्षं माझ्या डोक्यात पडून असलेलं सगळं कामाला येत होतं. सासूनं दोनदा बोलावणं धाडलं, मी दोनदा येते म्हणून गेले नाही.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला की एक प्रसंग उरलाय, आणि त्याला आईचं गाणं हवंय. मी विचारलंसुद्धा नाही की कोणता प्रसंग. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, पण कशाला नाही. मी म्हटलं, बाकीचं सगळं गावातून आणलेलं आहे, ते गावाला परत दिलं. हे गावातलं नाही, हे घरातलं आहे. तो हसला. त्याच्या हसण्याची मला भीती वाटली म्हणून मी त्याला हाताला धरून आत नेलं, जात्याच्या खुंट्यावर त्याचा हात ठेवला आणि शपथ घ्यायला लावली. आमच्याकडे जात्याची शपथ खोटी घेत नाहीत. रोजचं पीठ त्याच्यातून येतं.

"नाई वाजवत, बाई," तो म्हणाला. खुंट्यावर हात ठेवून म्हणाला.

पहिला खेळ गड्यांचा झाला, दिवेलागणीला, बाजाराच्या मैदानात तंबू ठोकून. नवरा घरी आला तो हसतच आला. तो लठ्ठ नोकर कसा पडतो ते त्यानं अंगणात करून दाखवलं, सासूचं पाण्याचं भांडं उलटं केलं, आणि मला म्हणाला की त्या लठ्ठ्याच्या वेळी तुझ्या भावानं अशी पेटी वाजवली की लोक गडबडा लोळले. नवऱ्याला चालीतलं शष्प कळत नसे. मी त्याला काही विचारलं नाही. मला फार अभिमान वाटला होता, हे लिहून ठेवायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायांचा खेळ. उघड्या मैदानात बायांना बसवायचं नाही म्हणून तो सरकी काढायच्या जिनाच्या गोदामात ठेवला होता. हंगामात तिथे छतापर्यंत कापूस असायचा, उन्हाळ्यात गोदाम रिकामं. खिडक्यांना घोंगड्या बांधून आत काळोख केलेला. उकाडा असा की बाया पदर ओले करून डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. मशीनचा उजेड पडद्याकडे निघाला तेव्हा त्याच्यात कापसाचे तंतू तरंगताना दिसले, आणि बऱ्याच बायांना वाटलं सिनेमा म्हणतात तो हाच. पडद्याच्या उजव्या बाजूला एका बारक्या कंदिलापुढे बापू बसला होता, टोपी घालून.

सुरुवातीचा तासभर मी सिनेमा बघितलाच नाही, बायांची तोंडं बघितली. माझ्या चाली त्यांच्या अंगावरून जात होत्या. घोडा आला की म्हाताऱ्या मान हलवत. भुलाबाईची चाल लागली तशा पोरी सगळ्या एकदम गायलाच लागल्या, आणि वाचणाऱ्याचा आवाज बुडाला. देवी आली तेव्हा बायांनी हात जोडले. मी कोणालाही काही सांगितलं नाही, पण आतून फुलून गेले होते.

राजकन्या सासरी निघाली. बापूनं ढावलो धरला. माझ्यापुढे चार ओळी सोडून तांड्यावरची एक बाई बसली होती, बाजारात डिंक विकायला यायची ती. चाल सुरू होताच तिनं मागे वळून बघितलं, मग पेटीकडे बघितलं, आणि उठून, बायांच्या पायांवरून वाट काढत बाहेर निघून गेली. मला वाटलं उकाडा सोसला नसेल.

मग लठ्ठ नोकर आला. डोक्यावर लाडवांचं ताट, इकडेतिकडे बघत बोटांवर चालतोय. आणि पेटीतून आईचं गाणं निघालं.

पहिल्यांदा मला कळलंच नाही. इतकं पळतं होतं ते, तीनपट पळतं, उड्या मारत चाललेलं. अंग ओळखत होतं आणि डोकं नाही म्हणत होतं. जानेफळाच्या वाटंवर, कोन दिसते. तिथे बापूनं भाता धरला. पेटी थांबली, तबला थांबला, सगळ्या गोदामात चूप झालं, आणि त्या चुपीत तो लठ्ठ माणूस पाय घसरून दाणकन बसला. धप्प, असं वाचणारा मोठ्यानं म्हणाला. आणि मग पेटीनं म्हटलं, माहा भाऊ.

गोदाम हसण्यानं फुटलं. शेजारणीनं माझ्या मांडीवर थाप मारली. माझी सासू, जी हसल्याचं मला आठवत नाही, ती डोळे पुसत होती. तो परत उठला, परत निघाला, परत तीच ओळ, परत थांबा. आता बायांना कळलं होतं की थांबलं म्हणजे पडणार. दुसऱ्या वेळी साऱ्याजणी वाचणाऱ्याबरोबर धप्प म्हणाल्या. तिसऱ्या वेळी त्याच्या आधी. सातआठ वेळा पडला तो. आई जिथे मूठ घालायची, जिथे मी दाराकडे बघायचे, त्या जागेत दर वेळी तो लठ्ठ्या येऊन बसत होता.

मी बापूकडे बघत होते. त्याची नजर पडद्यावर होती, केव्हा थांबायचं ते बघायला. तो हसत नव्हता. तो मन लावून काम करत होता. ते मला जास्त लागलं.

मी उठले आणि बाहेर आले. उन्हानं काही दिसेना. गोदामाच्या बाजूला निंब होता, त्याच्याखाली प्यायच्या पाण्याचा रांजण ठेवला होता आणि तिथे ती डिंकवाली बाई बसली होती. मी तिच्याशेजारी बसले. आतून परत धप्प ऐकू आलं. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, पाण्याचा गडवा माझ्यापुढे केला आणि विचारलं, "तुहं बी घेतलं का?"

मी मान हलवून हो म्हटलं. तिचं कोणी घेतलं होतं हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. आजवर सांगितलं नव्हतं, इथे सांगते.

बापू संध्याकाळच्या खेळाआधी माझ्या सासरी आला, हातात मालकानं दिलेला पेढ्यांचा पुडा. मी अंगणात होते. पुडा मी घेतला नाही.

"कशावर हात ठेवला होता?" मी विचारलं.

"जात्यावर."

"मंग काऊन वाजवलं?"

त्यानं मला समजावून सांगायला सुरुवात केली, शांतपणे, एखाद्या अडाण्याला सांगावं तसं. बाकीची सगळी गाणी म्हणे वाहत जातात. माणूस पडतो आणि पेटी आपली चालूच राहते, मग पडणं कोणाला दिसत नाही. त्यानं रात्रभर सगळ्या चाली लावून बघितल्या होत्या. "मले तो थांबा पाह्यजे होता, बाई. दुसऱ्या कोन्याच गान्यात तो नाई."

मी म्हटलं ते मायचं गानं होतं. माझा आवाज चढला होता, सासू दारात येऊन उभी राहिली होती, आणि मला त्याची पर्वा नव्हती.

तेव्हा तो म्हणाला, "मले माय आठवतच नाई. मले तूच आठवते. मी तुह्या मांडीवर राहो, तू म्हनाची कोन दिसते, अन् थांबाची, अन् मंग मले गुदगुल्या करून म्हनाची, माहा भाऊ. मी हसाचो. ते गानं माह्यावरचं आहे, बाई. मले त्यात कधी रडू आलंच नाई."

ते खरं होतं, आणि मी ते साफ विसरले होते. आई गेल्यावर तो रात्रंदिवस रडायचा. नऊ वर्षांची पोर मी, एका हातानं जातं ओढायचं आणि मांडीवर हे मूल. थांब्यात मूठ घातली की तोच पिठाचा हात त्याच्या पोटावर फिरवायचे, आणि तो खळखळून हसायचा. हसला म्हणून परत करायचे. त्याच्या लेखी जानेफळ कुठे, मामा कोण. माहा भाऊ म्हणजे तो. गाण्यात हसणं पहिल्यांदा मीच घातलं होतं. लठ्ठ्या नंतर आला.

यानं माझा राग उतरायला हवा होता असं मला पुढे कितीतरी जणींनी सांगितलं. तो उतरला नाही. उलट माझं घेतलं ते घेतलं, वर मलाच त्यात गोवलं म्हणून जास्तच भडकला. आणि मला एक गोष्ट दिसत होती, जी त्याच्या एवढ्या शहाण्या बोलण्यात कुठेच बसत नव्हती.

"तुह्यावरचं होतं," मी म्हटलं, "तं शपथ काऊन घेतली?"

गाणं आपलं आहे असं त्याला खरंच वाटत असतं तर तो जात्यापाशीच भांडला असता. तो भांडला नाही. त्यानं खुंट्यावर हात ठेवला, मला निश्चिंत केलं, आणि गेला. माझ्या मनात आजही अडकून आहे ते वाजवणं नव्हे, ते निश्चिंत करणं.

माझ्या दारात पुन्हा येऊ नको, असं मी त्याला सांगितलं. तो पेढ्यांचा पुडा ओट्यावर ठेवून गेला. सासूनं तो आत नेला. चार दिवसांनी कंपनीच्या गाड्या लोणारकडे निघाल्या आणि बापू पेटीसकट त्यांच्याबरोबर गेला. बाप म्हणाला, पोरगं कामाला लागलं. मी चुलीपुढून उठले नाही.

तो गेला, पण धप्प गावात राहिलं. विहिरीवर कोणी पाय घसरून पडलं की बाया ती चाल म्हणत. पोरं एकमेकांना ढकलून देत आणि ओरडत, कोन दिसते, धप्प, माहा भाऊ. शब्द बापूनंच कोणाला तरी सांगितले असणार, पेटीतून शब्द ऐकू येत नाहीत. बैलानं शेण टाकलं तरी धप्प. वर्षभरानं ते सिनेमातलं आहे हेही लोक विसरले, गावाचीच गंमत झाली ती. मला कोणी मुद्दाम चिडवत नव्हतं. चिडवलं असतं तर मी तोंड फाडलं असतं आणि मोकळी झाले असते.

मी माहेरच्या जात्यावर बसून एकदा म्हणून बघितलं. घरात कोणी नव्हतं. सावकाश, आईच्या चालीनं सुरू केलं, आणि तीन फेऱ्यांत गाणं पळायला लागलं. हात सावकाश फिरतोय आणि गळा पळतोय. मी थांबवलं, परत सुरू केलं, परत तेच. मूठ घालायला जातं थांबवलं तर दाणे पडल्याचा आवाज येण्याऐवजी माझ्या डोक्यात गोदामभर बाया हसल्या. माझा कान असा की आत गेलेलं बाहेर निघत नाही, हे मी आधी सांगितलंच आहे. त्या दिवसापासून मी मुक्यानं दळलं. पुढे गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बाकीच्या बायांना हळहळ वाटली, मला सुटल्यासारखं झालं.

बापूच्या बातम्या यायच्या. कधी जाफराबादच्या बाजूला होता, कधी खामगावकडे. मुका सिनेमा बसला तशी कंपनी मोडली आणि तो लोणारला एका भजनी मंडळात पेटी वाजवून, दुकानात काम करून राहायला लागला. बापाच्या तेराव्याला आला होता, तेव्हा आम्ही एकमेकांना ताट वाढण्यापुरतं बोललो.

मग माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मामाशिवाय आमच्याकडे नवरी मांडवात येत नाही, तिला हाताला धरून मामाच आणतो. नवऱ्यानं मला न विचारता त्याला पत्र टाकलं. मुलीचा मामा होता तो, माझा राग तिच्या लग्नात आणायचा नव्हता.

हळद दळायचा दिवस. ती गिरणीत नेत नाहीत, घरच्याच जात्यावर दळतात. मी माहेरचं, आईचं जातं आणवून घेतलं होतं. खुंट्याला हळकुंड-सुपारी बांधली, सवाष्णी गोल बसल्या, आणि मुलगी माझ्यासमोर पाटावर. हळदीची पहिली ओवी आईनं म्हणायची असते. मी एखादी देवाची ओवी म्हणून मोकळी होणार होते. पण मुलगी म्हणाली, "आई, आजीचं म्हन ना. मी कधी आइकलंच नाई."

तिनं खरंच कधी ऐकलं नव्हतं. ती सासरी चालली होती, आणि आईचं माझ्याकडे होतं ते मी तिला दिलं नव्हतं. आज नाही दिलं तर ते माझ्याबरोबरच जाणार होतं. मी खुंटा धरला. डोळे मिटले, आईचा हात आठवला, तिच्या कोपराजवळ गोंदलेली तुळस आठवली, आणि सुरू केलं. आणि काय सांगू, इतक्या वर्षांनी ते सावकाश निघालं. पळालं नाही. जानेफळाच्या वाटंवर. मुलगी पुढे वाकली. कोन दिसते. मी जातं थांबवलं आणि हळकुंडाच्या तुकड्यांची मूठ उचलली.

"धप्प," मागून कोणीतरी म्हणालं.

आणि सगळ्या हसल्या. वाईट मनानं नाही. लग्नघरातलं हसणं ते, मायेचं. ज्या हसल्या त्यातल्या निम्म्या त्या गोदामात नव्हत्याही, कोणी जन्मल्या नसतील. माझी मुलगीसुद्धा हसली. तिलाही ते ठाऊक होतं, गावातल्या प्रत्येक पोरीला असतं तसं, ते कुठलं आहे हे न कळता.

मी डोळे उघडले. दारात बापू उभा होता, डोक्याला पागोटं, काखेत मुलीच्या लुगड्याचं बोचकं, लोणारहून आलेला, पायांवर धूळ. केस पिकायला लागले होते. तो हसत नव्हता. बायांचं हसू सरलं तरी तो तिथेच उभा राहिला, उंबऱ्याच्या बाहेर, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. पुढचे दोन शब्द सगळ्यांना पाठ होते, पण ते कोणावर आहेत हे त्या घरात आम्हां दोघांनाच माहीत होतं, आणि मी ते म्हणावेत म्हणून तो थांबला होता.

मी मूठ घातली आणि खुंटा ओढला. जातं फिरायला लागलं. ते दोन शब्द मी म्हटले नाहीत.